पाहुणे आणि जबलपूर



‘पाहुण्यांना जेवायला कुठे न्यावे?’ या लेखात इंडियन कॉफी हाउसला बाहेरच्या कंपनीची शाखा म्हटले आहे. ते चूक. 1957च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली ही उपाहारगृहे बंद केल्यावर कामगारांनीच सहकारी संस्था उभारल्या. त्यांतल्या एकीचे मुख्यालय जबलपुरातच आहे. वयस्क मावशी-काकांना निवांत बसवायला कॉफी हाउस हीच जागा. फेटेवाला वाढपी कॉफी संपली म्हणून उठवत नाही.

पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांना मॉलमध्ये कशाला न्यायचे? 1939च्या काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाच्या स्मरणार्थ बांधलेल्या कमानिया गेटपाशी बडकुल हलवायांची खव्याची जिलबी मिळते: काळपट, जाडसर, पाकात मुरलेली. लेखात तिचा साधा उल्लेखही नाही!

साखरपुड्याच्या पंगतीला मोठी हॉटेले बरी, एवढेच मान्य.

— एक वाचक, जबलपूर