लाल शाईला आवाज नसतो

निबंधाच्या वहीवर नुसता शेरा न मारता शिक्षकांनी मोबाईलवर आवाज भरून पाठवावा, असे कोणी सुचवले की आपल्याकडच्या जाणत्या मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात. ‘शुद्धलेखन गेले, आता वहीही जाणार!’ हा सूर ठरलेला. या मंडळींना आमचा एकच सवाल आहे: मुलाचा ‘च’ चुकला, हे तुम्ही लाल शाईने दाखवणार कसे?

‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्याने म्हणून पाहा. ‘जीभ’ आणि ‘जावई’ म्हणा. उच्चार दोन, देवनागरीत अक्षर मात्र एकच. घरीदारी मराठीच कानावर पडणाऱ्या मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मूल गल्लीत कन्नड बोलते, शाळेत इंग्रजी घोकते आणि घरी आजीशी तेवढे मराठी बोलते. प्रमाण कन्नडमध्ये च-ज यांचा उच्चार एकेकच. मग मुलाचे मराठीही त्याच वळणाने जाते. (‘ळ’ची मात्र काळजी नको. तो कन्नडातही ठणठणीत आहे!) अशा मुलाने आपला निबंध वाचून पाठवला आणि बाईंनी त्यातलीच चार वाक्ये नीट म्हणून परत पाठवली, तर ते दहा वेळा ऐकू शकते. ‘उच्चार सुधारा’ हा शेरा दहा वेळा वाचून काय होणार?

हे खूळ कालचे नाही. इंग्लंडात लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठात २००८ साली ‘साउंड्स गुड’ नावाचा प्रकल्प याच कामासाठी झाला. शिक्षकांचा वेळ वाचतो का, हेही तिथे पाहिले गेले. उत्तर सरसकट ‘हो’ असे आले नाही. यंत्राला सरावलेल्या आणि सविस्तर सांगणाऱ्या शिक्षकाचा वाचतो, इतरांचा वाचेलच असे नाही. आपल्याकडे ५० वह्यांना दोन-दोन मिनिटे धरली तरी १०० मिनिटे होतात. ती शिक्षकांच्या रात्रीच्या झोपेतून काढायची असतील, तर आमचाही विरोध समजा. महिन्यातून एका निबंधापुरते करावे.

आणि वही टाकून द्या, असे म्हणतो कोण? नुसत्या आवाजात चूक कुठल्या ओळीत आहे ते सापडत नाही. समासात लाल शाईनेच १, २, ३ आकडे घालावेत आणि त्या क्रमाने बोलावे. चित्रफीत करायचीच तर कॅमेरा वहीवर धरावा, जोडाक्षर कसे वळते ते दिसू द्यावे. गुरुजींचा चेहरा मूल रोज पाहतेच.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. हा आवाज त्या मुलालाच जावा. वर्गाच्या गटावर टाकून पन्नास घरांना एकाच्या चुका ऐकवणे हा चव्हाट्यावरचा पाणउतारा आहे, आणि तसे झाले तर पालकांनी शाळेत जाऊन जाब विचारावा.