पाकिटावरची किंमत आणि सरकारचे अर्धे काम

कपाशीच्या बीटी बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या खरिपासाठी ती ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये होती. शिरपूरच्या कृषी केंद्रात त्याच पाकिटाशेजारी कीटकनाशकाची बाटली असते. तिची किंमत मात्र कंपनी ठरवते. नव्या तंत्रज्ञानाच्या बाबतीत आपले सरकार किती पुढे आले आणि कुठे थांबले, हे समजायला हे एक फडताळ पुरेसे आहे.

हा विषय फक्त शेतकऱ्यांचा नाही. शिरपुरात सूतगिरणी आहे, खानदेशभर जिनिंग आहेत. कापूस वेचण्यापासून गाठी बांधण्यापर्यंतच्या कामावर हजारो घरे चालतात आणि त्यांत आपलीही घरे आहेत. कापूस पिंजणारा पिंजारी-मन्सुरी समाज तर नावानेच कापसाशी बांधलेला. पिंजणयंत्र आले तेव्हा त्यांच्या धनुकलीचे काय होणार, हे त्यांना कुणी विचारले नाही. तंत्रज्ञान येतेच आणि ते यावेही. पण त्याची किंमत कोण मोजणार, हे तेव्हाच विचारायला हवे.

बीटी कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ‘बीटी’ हा जमिनीत सापडणारा जिवाणू. त्याचा अळीला मारणारा जनुक मोन्सँटोने कपाशीत घातला आणि जालन्याच्या महिकोबरोबर तो भारतात आणला. सुरुवातीला पाकीट सोळाशे रुपयांच्या पुढे गेले आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले, तेव्हा किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचा स्वतःचा कायदा केला. २०१६ पासून देशभर एकच कमाल किंमत लागू झाली आणि जनुकाचे शुल्क ४९ रुपये ठरले. २०२० मध्ये तेही शून्यावर आले. शेतकऱ्याचे पैसे वाचले, याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे.

पण किंमत बांधणे हे सरकारचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे स्वतः संशोधन करणे आणि ते लोकांच्या हाती देणे.

हे काम आपल्याकडे कधी झालेच नाही असे नाही. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाला. आपल्या आजोबांनी पेरलेला ‘नांदेड-४४’ हाही कृषी विद्यापीठाचाच. बीटीच्या वेळी मात्र सरकार मागे पडले. चीनच्या सरकारी संस्थेने नव्वदच्या दशकातच स्वतःचा बीटी जनुक तयार करून मोन्सँटोशी स्पर्धा केली. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘बिकानेरी नरमा बीटी’ आले २००९ मध्ये. ते सरळ वाण होते, म्हणजे घरचे बी राखून पुढच्या वर्षी पेरता येईल असे. पण त्यात मोन्सँटोच्याच जनुकाचा अंश आढळला आणि बियाणे मागे घ्यावे लागले.

सरळ वाणाचा मुद्दा इतका महत्त्वाचा का? भारतीय पेटंट कायदा वनस्पती आणि बियाण्याला पेटंट देत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्कही दिला आहे. पण आपल्याकडे बीटी आली ती जवळपास सगळी संकरित वाणांतून. संकरिताचे बी राखून पेरले तर पुढचे पीक तसे येत नाही. म्हणून हक्क कागदावर राहतो आणि शेतकरी दरवर्षी दुकानात जातो. कायद्याने नाकारलेली मक्तेदारी अशी बियाण्याच्या जातीतूनच आत येते.

त्यात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार केला. दोन जनुकांच्या बियाण्यालाही ती दाद देईना. पाकीट स्वस्त राहिले आणि फवारणीचा खर्च वाढला.

कंपन्या म्हणतात, शुल्क मिळाले नाही तर नवे संशोधन येणार कुठून? हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१६ च्या किंमत आदेशानंतर तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा अर्ज महिकोने मागे घेतला. पण ते बियाणे थांबले नाही, चोरवाटेने पसरले. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरले. चोरीच्या बियाण्याला ना पावती, ना उगवणीची हमी, ना नुकसानभरपाई. सरकारने किंमत बांधली, पण पर्याय दिला नाही, म्हणून ही पोकळी राहिली.

पर्याय उभा राहतो, याचा पुरावा औषधांत आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. १९७० च्या कायद्याने औषधावरचे पेटंट काढून फक्त कृतीवर ठेवले आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एड्सची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्यांना दहा हजार डॉलरहून अधिक लागत. कायदा आणि कसब एकत्र आले की किंमत अशी उतरते.

शिरपूरने स्वतःही एक धडा दिला आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी इथले नाले खोल-रुंद केले, साखळी बंधारे बांधले आणि पाणी जमिनीत मुरवले. त्या कामावर मतभेद आहेत, चर्चाही व्हावी. पण सरकारी नोकरीत कमावलेले ज्ञान पेटंटशिवाय गावोगाव गेले. ‘शिरपूर पॅटर्न’ वापरायला कुणाला शुल्क द्यावे लागले नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेचे राहावे. कृषी विद्यापीठांना बोंडअळीवर काम करायला पुरेसा पैसा आणि माणसे मिळावीत. सरळ वाणांचे बियाणे महाबीजमार्फत तालुक्यापर्यंत पोहोचावे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ असा निर्णय कारणांसह जाहीर व्हावा.

आणि मित्रांनो, यात तुमचेही काम आहे. शिरपुरात फार्मसी आणि इंजिनिअरिंग शिकणारी आपली मुले-मुली आहेत. पेटंट मिळण्याआधी त्याला हरकत घेण्याचा हक्क कायद्याने कुणालाही दिला आहे. क्षयरोगातून वाचलेल्या दोन तरुणींनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, बेडाक्विलिन या औषधाचे पेटंट लांबवण्याला अशीच हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्या दोघी वकील नव्हत्या की शास्त्रज्ञ नव्हत्या. कायद्याचे ते कलम त्यांनी वाचले होते. ते आपणही वाचू शकतो.