गावात राजकारण नको?

दिल्लीत बदलून आल्यापासून एक वाक्य वरचेवर कानी पडते : ‘खेड्यात विकास न्यावा, राजकारण नेऊ नये.’ बोलणारे बहुधा माझेच सहकारी असतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. तरीही हा विचार लोकशाहीच्या मुळावर येणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच शहरात रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये विकासशील समाज अध्ययन केंद्र स्थापन केले. बडोद्यास अध्यापन केलेल्या या राज्यशास्त्रज्ञाने भारतीय लोकशाही केवळ घटनेच्या कलमांत न शोधता जात, भावकी आणि गटातटांच्या व्यवहारात शोधली. १९७० मध्ये त्यांनी संपादित केलेल्या ‘कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स’चा आशय माझ्या शब्दांत सांगायचा तर, जातीने राजकारण नासवले असे म्हणण्यापेक्षा राजकारणाने जातीला आपल्या कामास जुंपले आणि तिचे रूप पालटले, असे म्हणणे अधिक खरे. मते मागायची तर समाज आहे तसाच हाती घ्यावा लागतो. दुसरा आणायचा कोठून?

प्रशासनाने हा धडा घेतला नाही. कोठारींच्या दिल्लीतच ग्रामपंचायती १९९० मध्ये बरखास्त झाल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तरीही नाही.

आपल्या महाराष्ट्राचे तरी काय? वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा जिल्हाधिकाऱ्याला त्यांच्या बाहेर ठेवण्याचे धाडस या राज्याने दाखवले होते. त्याच राज्यात २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे घटना सांगते. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे. पण निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावे लागले आणि ती मुदतही पाळली गेली नाही. या काळात आम्हा अधिकाऱ्यांपैकी कितीजणांना चुकल्यासारखे वाटले?

पंचायतीत ठेकेदारी आहे, हेवेदावे आहेत. तालुक्याला राहिलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. परंतु ठेकेदाराशी संधान बांधणारा सदस्य पुढच्या निवडणुकीत पडू शकतो. माझी फक्त बदली होते.

मीही एका पंचायत समितीवर काही काळ प्रशासक होतो. खोटे कशाला बोलू, ते दिवस सुखाचे गेले. सभा पंधरा मिनिटांत आटोपे. सूचक मीच, अनुमोदकही मीच. मार्चअखेर सारा निधी खर्ची पडला आणि वरून शाबासकीही मिळाली. एका वस्तीची विहीर मात्र आराखड्यातून गळाली. सभागृहात टेबल बडवून ती यादीत घालायला लावणारा सदस्यच त्या वर्षी नव्हता. मला ते कळले मे महिन्यात, त्या वस्तीतून टँकरच्या मागणीचा अर्ज आला तेव्हा.