दोऱ्याचा हिशेब

मराठीने सुताला फार मान दिला आहे. दोन माणसांचे सूत जमते, सुतावरून स्वर्ग गाठता येतो, आणि वात्रट मूल शेवटी सुतासारखे सरळ होते. भरतकामाचा डबा उघडला, की मात्र या सरळपणाची शंका येऊ लागते! अर्थात म्हणीतले सूत सुताराचे, दोन टोकांना ताणून धरलेले. डब्यातल्या सुताला कुणी धरणारे नसते, म्हणून त्याचा गुंता होतो.

आमच्या पालघरच्या घरी सध्या हा डबा मोठ्या मानाचा झाला आहे. तुळशीचे लग्न लागले, की बोईसरच्या माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न. नातीच्या रुखवतात आपल्या हातचे फुलीच्या टाक्याचे तोरण हवे, हा सासूबाईंचा हट्ट. मॅटीच्या कापडावर आंब्याची पाने भरायला घेतली, ती मोतीबिंदूने मध्येच थांबली. शस्त्रक्रिया झाली, नजर आली. पण हिरवा दोरा उरला होता दीड लडी, आणि पाने राहिली होती चार. नणंदेने त्याच क्रमांकाची नवी लडी आणली. जुनीशेजारी ठेवली, तर दोघी सख्ख्या नव्हे, चुलत बहिणी! रंगवण्याच्या खेपेगणिक छटा अशी थोडी बदलू शकते.

मग सासूबाईंचे अर्थशास्त्र सुरू झाले. लडी 8 मीटरची, दोरा 6 पदरी. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला जुना ‘हात’, सुमारे 45 सेंटिमीटर, एवढे तुकडे कापले, तर लडीचे 17 होतात. दोन-दोन पदर वेगळे केले, की 51 वेळा सुई ओवता येते. पण त्या तसे करीत नाहीत. एकच पदर दुप्पट लांब घेऊन दुमडतात, दोन्ही टोके सुईत ओवतात, आणि पहिल्या टाक्याला मागच्या फासातून सुई काढतात. गाठ नाही, सुरुवातीचे शेपूट नाही! ओळभर अर्ध्या फुल्या घालीत जायचे, परतताना त्या पुऱ्या करायच्या. एका पानावरून दुसऱ्या पानावर मागून उडी मारायची नाही. शेवटचे टोक चार-पाच टाक्यांखालून ओवायचे.

धारवाडकडच्या कसुतीत याच फुलीला मेथीच्या दाण्यावरून ‘मेंथी’ म्हणतात. गवंती, मुर्गी या टाक्यांपेक्षा तिला दोरा जास्त लागतो. म्हणजे भरीवपणाची किंमत सगळीकडे द्यावीच लागते.

उरलेले पदर जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायचे, दोन्ही कडांना खाचा पाडायच्या, आणि वर क्रमांक लिहायचा. आमची समुद्राजवळची दमट हवा; म्हणून डबा कोरडा हवा, पण दोऱ्याला ऊन दाखवायचे नाही, रंग उडतो.

परवा चौथे पान पुरे झाले. तीन हात दोरा उरला. तो मी डब्यात ठेवू लागले, तोच सासूबाई म्हणाल्या, “अगं सूनबाई, तो तोरणाबरोबर जाऊ दे. दारातल्या वाऱ्याने एखादा टाका उसवला, तर पोरीला याच रंगाचा लागेल. तेव्हा विचारायला मी असेनच असे नाही.”

पुठ्ठ्यावर क्रमांक होताच. चष्मा लावून, त्याखाली त्यांनी नातीचे नाव लिहिले.