ठाण्याला गाडी बदलता येईल अशी दुर्बीण

दिवाळीचा बोनस झाला की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, दुर्बीण कुठली घेऊ? शनीही दिसला पाहिजे आणि गॅलेक्सीही." मी उलट विचारते, "जिने किती उतरायचे?" नवीन पनवेलातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे साठीचे आहेत.

माझी पहिली दुर्बीण मी खोक्यावरचा आकडा बघून घेतली होती. '५२५ पट'! हिशेब खोटा नव्हता. नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, आयपीस ४चं, म्हणजे १७५. वर तिप्पट करणारं बार्लो भिंग. पण समोरचं भिंग जेमतेम ७० मिलिमीटर. त्याच्या दुपटीपुढे, म्हणजे साधारण १४० पटीनंतर, चित्र नुसतं फुगतं. शनी दिसला तो पाण्यात हलणाऱ्या लिंबाच्या बीसारखा. तिपाईबद्दल बोलतच नाही.

ग्रहांसाठी पनवेल सोडायची गरज नाही. ते इतके तेजस्वी की रस्त्यावरचे दिवे त्यांचं काही बिघडवत नाहीत. बिघडवते ती दिवसभर तापलेली गच्ची. स्लॅब निवेपर्यंत गुरूचे पट्टे थरथरत राहतात, म्हणून मी अकरानंतरच वर जाते.

दीर्घिकांचं तसं नाही, आणि हे कुठला दुकानदार सांगत नाही. मोठी दुर्बीण दीर्घिकेचा मंद उजेड गोळा करते, तसाच कळंबोली-खारघरच्या दिव्यांचाही. गच्चीवर आठ इंची आणून ठेवलीत तरी देवयानी दीर्घिकेचा मधला पांढुरका ठिपकाच हाती लागतो. काळोखात मात्र साध्या १०×५० द्विनेत्रीतूनही ती लांबट पसरलेली दिसते. तेव्हा दुर्बिणीनंच पनवेल सोडायला हवं.

खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. पैसे मोजण्याआधी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून बघून घ्यावं. गाडी नसेल तर पनवेल-ठाणे लोकल, मग कर्जत लोकल. आठ इंची डॉब्सोनियन वीस किलोंच्या पुढे जाते. ती घेऊन ठाण्याचा पूल चढून बघा.

मी आता १३० मिलिमीटर आरशाची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन वापरते. नळी आत सरकते, वजन सहा-सात किलो, प्रकाश जुनीच्या जवळपास साडेतीन पट. २५च्या आयपीसनं २६ पट मिळते, ती देवयानीसाठी. १०चं लावलं की ६५, शनीची कडी सुटी दिसायला पुरेशी. २०२५च्या मार्चमध्ये ती काठावर आली होती, आता पुन्हा उघडू लागली आहेत. उणिवा आहेतच: आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, उघड्या नळीभोवती काळं कापड गुंडाळावं लागतं, आणि पनवेलच्या पावसाळ्यात सिलिका जेल विसरलात तर बुरशी ठरलेली.

परवा वांगणीला शेजारचा आठवीतला मुलगा बरोबर होता. उत्तरा भाद्रपदेवरून सरकत देवयानी लावून दिली. पंचवीस लाख प्रकाशवर्षं, वगैरे सगळं सांगून झालं. त्यानं बराच वेळ डोळा लावला.

"काकू, आरशावर बुरशी आली वाटतं."

मी नळीला हलकीशी टिचकी मारली. डाग ताऱ्यांबरोबर हलला.