विश्लेषण : गोठा आहे, पण सातबारा नाही! सरकारी मदतीत पशुपालक मागे का?

गोठ्यात चार म्हशी आहेत, रोजचे दूध डेअरीला जाते आणि घरखर्च त्यावरच चालतो. पण सातबाऱ्यावर नाव नाही. असे कुटुंब सरकारच्या लेखी शेतकरी ठरते का? थेट आर्थिक मदतीच्या योजनांत तरी याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पशुपालनाला शेतीचा दर्जा देण्याची भाषा होत असताना पात्रतेचे निकष मात्र जमिनीभोवतीच फिरतात.

शेतकरी कोण, हे कशावरून ठरते?

केंद्राच्या ‘पीएम किसान’ योजनेत वर्षाला 6 हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात. 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्या कुटुंबाच्या नावावर लागवडीयोग्य जमीन होती, तेच पात्र ठरते. राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान’ योजनेतील आणखी 6 हजार रुपयेही याच यादीवर बेतलेले आहेत. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि त्याचाही पाया जमिनीची नोंद हाच आहे. त्यामुळे अर्धा एकर पडीक ठेवून शहरात राहणारा खातेदार यादीत येऊ शकतो, मात्र पन्नास शेळ्यांवर जगणारे भूमिहीन कुटुंब येत नाही.

पशुपालकांसाठी वेगळे काय आहे?

2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालकांनाही मिळू लागले. भाड्याचा गोठा असला तरी अर्ज करता येतो. पण ते कर्ज आहे, मदत नव्हे. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. 100 पर्यंत दुधाळ जनावरे, 500 पर्यंत शेळ्या-मेंढ्या अशी मर्यादा ठेवून वीजदर, ग्रामपंचायत कर आणि कर्जावरील व्याजात सवलत देण्याचा हा निर्णय आहे. तो स्वागतार्हच, पण विजेचे मीटर आणि पक्की शेड ज्याच्याकडे आहे, त्यालाच त्याचा खरा लाभ. रानोमाळ फिरणाऱ्या कळपाला मीटर कुठून येणार?

कानातल्या टॅगचे महत्त्व काय?

जानेवारी 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान सुरू झाले. त्यासाठी शेतकऱ्याचे बँक खाते आधारशी आणि जनावराच्या कानातील 12 अंकी टॅगशी जोडण्याची अट होती. जनावरावरून पात्रता ठरवता येते, हे या योजनेने दाखवून दिले. मात्र म्हशीचे दूध आणि घरोघरी रतीब घालणारे पशुपालक तिच्याबाहेर राहिले.

1 जून 2024 पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. आपत्तीत किंवा वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात जनावर दगावले आणि टॅग नसेल, तर भरपाई नाही, असेही ठरले. नोंदणीसाठी ही सक्ती समजण्यासारखी आहे. पण काटेरी झुडपात अडकून टॅग निघून पडतो, नव्या टॅगसाठी दवाखाना गाठावा लागतो. तेवढ्यात जनावर गेले, तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही.

जनावर दगावल्यास किती मदत?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 या काळातील निकषांनुसार दुधाळ गाय वा म्हशीसाठी 37 हजार 500, बैलासाठी 32 हजार, तर शेळी-मेंढीसाठी 4 हजार रुपये मिळतात. त्यातही कुटुंबामागे तीन मोठी किंवा 30 लहान दुधाळ जनावरे ही कमाल मर्यादा. समजा, अवकाळी पावसात एखाद्या कळपातील 80 मेंढ्या दगावल्या. 4 हजारांच्या दराने 3 लाख 20 हजार रुपये होतात. मर्यादेमुळे हाती पडतात 1 लाख 20 हजार. ऑक्टोबर 2025 च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये राज्य सरकारने तीन जनावरांची अट काढून टाकली. म्हणजे ती अट अन्यायकारक आहे, हे सरकारलाही मान्य आहे. मग ही सूट एका पॅकेजपुरती का असावी? मोठ्या महापुरात एक न्याय आणि एखाद्या गावातल्या गारपिटीत दुसरा, हे पटणारे नाही.

मेंढपाळांसाठी योजना आहे ना?

राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दरमहा 6 हजार याप्रमाणे 24 हजार रुपये चराई अनुदानाची तरतूद आहे. त्यासाठी किमान 20 मेंढ्या आणि एक नर असावा लागतो. येथे सातबारा नव्हे, तर कळप मोजला जातो. पण ही योजना भटक्या जमाती-क प्रवर्गापुरती आहे. दोन-चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीन महिलेला त्यात जागा नाही.

जनावर मोजणे अवघड आहे का?

जमीन जागची हलत नाही. जनावर विकले जाते, मरते, एका गोठ्यातून दुसऱ्यात जाते. त्यामुळे बनावट लाभार्थी वाढतील, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय हाताशी आहे. लाळ्या-खुरकूत लसीकरण दर सहा महिन्यांनी होते. त्याच वेळी टॅग तपासून मालकाची नोंद अद्ययावत केली, तर वर्षातून दोनदा आपोआप पडताळणी होईल. स्थलांतरित कळपांसाठी ही नोंद वाटेवरच्या दवाखान्यातही व्हायला हवी. पडलेला टॅग बदलायला मुदत द्यावी आणि जुन्या लसीकरण नोंदीवरून भरपाई मंजूर करावी.

2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे. त्यात एक कोटीहून अधिक शेळ्या. त्यांच्या कानात टॅग मारून सरकारने पशुपालकावर जबाबदारी टाकली आहे. तोच टॅग दंड आणि नकारासाठी ग्राह्य धरला जात असेल, तर मदतीसाठीही ग्राह्य धरायला हवा. शेतकरी ओळख क्रमांकात सातबाऱ्याइतकेच वजन गोठ्याला मिळाले, तरच ‘कृषी समकक्ष’ या शब्दांना अर्थ राहील.