क्लॅम्पचं कौतुक पुरे

परवा एका मित्राने आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "घरी डायनिंग टेबल करून बघायचंय, क्लॅम्प कुठले घेऊ?" मी काही लिहायच्या आत दोघा-तिघा जाणकारांनी यादी टाकलीसुद्धा. एक मीटरचे सहा पॅरलल क्लॅम्प, चार लहान, आणि वर तो ठरलेला मंत्र, की स्वस्तातलं घेऊ नकोस, एकदाच घे आणि चांगलं घे. मित्राने हिशोब केला. रक्कम त्याच्या घरभाड्याच्या पुढे गेली आणि गडी गप्प झाला. बहुतेक आता तो टेबल ऑनलाइन मागवणार.

मला राग येतो तो याचाच. आपल्यासारख्या लोकांची एक खोड आहे. पळायला जायचं ठरलं की आधी घड्याळ, फोटो काढायचे ठरले की आधी लेन्स, आणि सुतारकाम करायचं ठरलं की आधी जर्मन क्लॅम्प. लाकूड नंतर. रंधा तर त्याहून नंतर. आणि ज्याला एवढं परवडत नाही त्याने या वाटेला जाऊच नये, असा एकूण सूर.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाच्या मापाची अखंड रुंद फळी आता सहसा मिळत नाही, मिळाली तर खिशाला झेपत नाही. म्हणून चार-पाच अरुंद फळ्या कडेला कड लावून फेविकॉलने जोडायच्या आणि गोंद सुकेपर्यंत दाबून धरायच्या. दाबून धरायचं ते यंत्र म्हणजे क्लॅम्प. बस्स. याच्यावर लोक तास-तासभराचे व्हिडिओ करतात.

आता कबुली. मीही आधी त्याच रांगेत उभा होतो. पॅरलल क्लॅम्प झेपले नाहीत, तर 'दणकट' हवेत म्हणून पाऊण इंची लोखंडी पाइपचे घेतले. सव्वा मीटरचे सहा. जबडे धरून वजन वीस किलोच्या घरात. दुसऱ्या मजल्यावर चढवताना वॉचमनने विचारलं, "प्लंबिंगचं काम काढलंय का साहेब?"

पहिला टेबलटॉप आंब्याच्या लाकडाचा. पाच फळ्या. रंधा मला तेव्हा धड मारता येत नव्हता, त्यामुळे एका फळीच्या कडेला मधे पोट राहिलं होतं. शेजारची फळी लावली की मधे टेकायची आणि दोन्ही टोकांना दीड मिलिमीटर फट. पण हातात लोखंड होतं ना! दांडा पिळला, फट गायब. काय ती ताकद, वा! फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पावसाळा बरा गेला. फेब्रुवारीत, पुण्याची हवा कोरडी झाल्यावर, एक टोक उकललं. इतकं, की फटीत पोस्टकार्ड सरकत होतं.

कारण साधं आहे. वाकवून जोडलेली फळी कायम सरळ व्हायच्या प्रयत्नात असते. त्यात फळीच्या टोकाकडून ओलावा सगळ्यात लवकर उडतो, म्हणजे टोकं आधी आकसतात. आधीच ताणावर असलेल्या जोडाला तेवढं निमित्त पुरतं. दोष लोखंडाचा नव्हता, माझा होता. पण तो दोष सात-आठ महिने लपवायचं काम लोखंडाने चोख केलं. आपल्या धंद्यात क्वेरी भिकार लिहायची आणि रॅम वाढवून मागायची, त्यातलाच प्रकार.

म्हणून माझं म्हणणं असं, की क्लॅम्प कमजोर असलेला बरा. पाणी तिथेच मुरतंय हे तो तोंडावर सांगतो. हलक्या क्लॅम्पने फट बंद होत नसेल तर क्लॅम्प बदलू नका, फळी परत रंध्याखाली घ्या. गोंद न लावता फळ्या नुसत्या हाताने एकमेकींवर दाबून बघा. उजेड दिसायला नको. उलट लांब फळ्यांच्या कडेला मधे केसभर पोकळ ठेवायची जुनी पद्धत आहे. मग मधल्या एका क्लॅम्पने टोकंसुद्धा आपोआप दाबली जातात.

आता इथे जाणकार आकडे काढतात. आकडे खरे आहेत, तेही बघू. टाइटबाँड गोंदाच्या माहितीपत्रकात कठीण लाकडासाठी 175 ते 250 पीएसआय दाब लिहिलेला असतो, मऊ लाकडासाठी 100 ते 150. कठीणचं म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 12 ते 17 किलो. 120 सेंटिमीटर लांब, 18 मिलिमीटर जाड फळीच्या कडेचं क्षेत्रफळ 216 चौरस सेंटिमीटर. म्हणजे किमान अडीच टन! अ‍ॅल्युमिनियमचे पाच हलके क्लॅम्प मिळून एवढा जोर लावणार नाहीत, कबूल. (घाबरू नका, हाच हिशोब लावला तर ग्रुपवरच्या यादीतले सहा क्लॅम्पही पार घट्ट पिळावे लागतील, आणि तसं कोणी करताना मी पाहिलेलं नाही.)

पण दाब कशासाठी हवा? गोंदाचा थर पातळ आणि सलग व्हावा म्हणून. कडा तंतोतंत बसत असतील तर तो थर थोड्या जोरातही पातळ होतो. सरसाच्या जमान्यात सुतार कडा एकमेकींवर घासून, क्लॅम्प न लावताच, जोड बसवायचे. फेविकॉल म्हणजे सरस नव्हे, मान्य. म्हणून मी आंब्याच्याच उरलेल्या तुकड्यांवर करून बघितलं. नीट रंधलेल्या कडा, हलका क्लॅम्प, रात्रभर सुकवलं, सकाळी हातोडी. तुकडा फुटला, पण जोडाच्या शेजारी, लाकडात. एक प्रयोग म्हणजे सिद्धांत नव्हे, पण तुम्हीही घरी करून बघा. खर्च शून्य.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि याबद्दल कोणी बोलतच नाही. पांढरा गोंद लावल्यापासून हातात मोजून दहा-पंधरा मिनिटं असतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याहून कमी. तेवढ्यात पाच फळ्या एका पातळीत आणायच्या, आणि तीन-तीन किलोचा पाइप एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने जबडा सरकवायचा. एक पाइप फळीवर आपटला की आंब्याला खड्डा. शिवाय ओल्या गोंदात लोखंड टेकलं की बाभळीसारख्या टॅनिनवाल्या लाकडावर काळे डाग पडतात. अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प एका हातात उचलता येतो आणि असे काळे डाग पाडत नाही.

अ‍ॅल्युमिनियम वाकतं, हा आक्षेप मात्र बरोबर. पोलादाच्या मानाने ताठपणा साधारण एक तृतीयांश. स्क्रू दांड्याच्या मध्यरेषेवर नसतो, बाजूला असतो, त्यामुळे पिळला की दांडा धनुष्यासारखा होतो आणि फळ्यांनाही बाक आणतो. यावर दोन उपाय. एक, दांडा आतून पोकळ असतो, त्यात घट्ट बसेल अशी लाकडी पट्टी रंधून ठोकायची. अर्ध्या तासाचं काम, दांडा चांगला ताठ होतो. दोन, क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून-पालटून लावायचे, म्हणजे एकाचा बाक दुसरा मारतो. आणि जबडा व फळी यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालायचीच. दाब जबड्यापासून दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांत पसरत जातो, त्यामुळे पट्टी जितकी रुंद तितके क्लॅम्प कमी लागतात. पट्टीला पॅकिंगची चिकटपट्टी लावा, नाहीतर तीही टेबलाला कायमची जोडली जाईल. (विचारू नका.)

घेताना काय बघायचं? स्क्रू फिरवून बघा, डुगडुगतो का. सरकणारा जबडा खाचेत बसल्यावर हलायला नको. दांड्याचा पत्रा बोटाने दाबून आत जात असेल तर तो क्लॅम्प परत ठेवा, स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. पिस्तुलासारखे प्लॅस्टिकचे ट्रिगरवाले एका हाताने लागतात म्हणून भुरळ घालतात, पण टेबलटॉपसाठी मी घेणार नाही. आणि पॅरलल क्लॅम्पशी माझं वैर नाही. कपाटाचा सांगाडा गुण्यात जोडायचा असेल तर ते सोन्यासारखे आहेत. पण एका पॅरललच्या पैशात अ‍ॅल्युमिनियमचे तीन-चार येतात, आणि पहिल्या टेबलाला गरज संख्येची असते.

तेही परवडत नसतील तर पाचरी आहेत. प्लायच्या तुकड्यावर दोन पट्ट्या स्क्रूने पक्क्या करा, मधे फळ्या ठेवा, उरलेल्या जागेत दोन पाचरी उलटसुलट घालून हातोडीने ठोका. आमच्या सोसायटीत कामाला येणारे सुतारकाका हेच करतात, आणि फळ्या वर उचलू नयेत म्हणून त्यावर विटा ठेवतात. त्यांनी माझे सहा पाइप बघितले तेव्हा काही बोलले नाहीत. फक्त माझा रंधा उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आधी याला धार लावा."

असो. त्या मित्राला रविवारी घरी बोलावलंय. माझे अ‍ॅल्युमिनियमचे पाचही क्लॅम्प तो एका पिशवीत घालून स्कूटरवरून घेऊन जाऊ शकतो, महिनाभर ठेवून घे म्हटलंय. रंधा मात्र देणार नाही. तो त्याने स्वतःचा घ्यावा.